दुसरा भाग कोणत्या कुंडीत?

थोरल्या सुनेला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन्ही मुली. एक रडायची थांबली की दुसरी सुरू करायची, त्यामुळे घरात आवाजाला कधी खंड नव्हता. पहिला पाळणा आला, मागोमाग दुसरा आला, आणि दोघांनी मिळून बैठकीच्या खोलीतली जी भिंत अडवली, ती नेमकी काकांच्या पुस्तकांची होती.

काकांना सगळी इमारत 'लिफ्टवाले काका' म्हणायची. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. अंधाऱ्या खड्ड्यात उतरायचं, तेलकट दोर चाचपायचे, मग वर मशीनच्या खोलीत चढायचं. दिवसभर वर-खाली करणाऱ्या माणसाला जमिनीचं अप्रूप वाटतं. काकांना मातीची ओढ लागली ती अशी. पण त्यांच्या हातात काहीतरी खोट होती. ज्या रोपाला ते हात लावत, ते आठवड्याभरात मान टाकी. शेवटी काकूंनी त्यांना गॅलरीतल्या कुंड्यांपासून लांब राहण्याची ताकीद दिली.

"बघा, पण लांबून बघा," त्या म्हणायच्या. "आणि श्वास पलीकडे सोडा."

मग काकांनी बागकामाची पुस्तकं जमवायला सुरुवात केली. तीही जुनीच. नव्या पुस्तकांतले फोटो त्यांना आवडत नसत. त्या गुटगुटीत झाडांसमोर आपल्या घरची झाडं दरिद्री दिसतात, असं त्यांचं म्हणणं. जुन्या पुस्तकांत हाताने काढलेली चित्रं असत, आणि काढणारा इतका प्रामाणिक असे की पानाला कीड लागली असेल तर तीही रंगवी. वर पातळ झिरझिरीत कागद. कुठे मागच्या मालकाच्या अंगठ्याचा मातकट ठसा, कुठे दाबून ठेवलेल्या पानाचा तपकिरी डाग, तर कुठे खताच्या कृतीशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं, 'करून पाहिले. काही झाले नाही.' अशी एक ओळ सापडली की काकांचा दिवस सोन्याचा जाई.

या सगळ्या फळीचा राजा म्हणजे एक तीन भागांचा जाडजूड ग्रंथ. त्यातला पहिला भाग काकांकडे होता, तो माती आणि लागवडीचा. तिसराही होता, तो किडीचा आणि रोगांचा. दुसरा नव्हता. त्याच्यासाठी दोन्ही भागांच्या मध्ये जागा सोडलेली होती, आणि पुस्तकं कलंडू नयेत म्हणून त्या जागेत एक लाकडी ठोकळा उभा केलेला होता.

नुसतं नसणं काकांनी सोसलं असतं. पण तो ग्रंथ मुळात हप्त्याहप्त्याने निघालेला, आणि बांधणाऱ्याने पानं सारखी वाटून घेऊन त्याचे तीन भाग केलेले. त्यामुळे पहिल्या भागाची शेवटची ओळ अशी होती: 'रोप लावून झाल्यावर सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे'. बस्स. पुढे पुठ्ठा.

ती महत्त्वाची गोष्ट कोणती, या विचारात काकांचे केस पांढरे झाले. पाणी असेल? सावली असेल? एकदा त्यांनी कोपऱ्यावरच्या नर्सरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सुट्टे पैसे."

तर पाळणे आले, आणि एका सकाळी काकू कमरेवर हात ठेवून फळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

"अहो, नीट ऐका. आहेत ती पुस्तकं राहू देत. पण यापुढे एक जरी नवं पुस्तक या दारातून आत आलं, तरी सगळी फळी बाहेर जाईल."

"कुठे?"

"रद्दीवाल्याकडे. माहेरी."

"नवं पुस्तक मी आणतच नाही. सगळी जुनीच असतात."

"मला शब्दांत पकडू नका. शब्द द्या."

काकांनी शब्द दिला. सून पाळण्यापाशी बसली होती, तिच्यासमोर दिला. आता फिरायला जागा नव्हती. त्याच दिवशी फळ्यांसमोर दोरी बांधली गेली, तिच्यावर लंगोट वाळू लागले, आणि काकांची पुस्तकं पडद्याआड गेली.

पुढच्या आठवड्यात काकूंनी त्यांना नर्सरीतून खतमातीची गोणी आणायला धाडलं. नर्सरीच्या शेजारीच रद्दीचं दुकान. काका मान खाली घालून पुढे निघाले होते, तेवढ्यात आतून हाक आली.

"काका! तुमचं बाळ आलंय."

"दोन आली. घरी आहेत."

"ते नाही हो. हे." रद्दीवाल्याने गठ्ठ्यातून एक पुस्तक ओढून काढलं आणि फडक्याने पुसून पुढे धरलं. तोच तपकिरी पुठ्ठा, तीच उठावाची अक्षरं. भाग दुसरा.

काका गठ्ठ्यावरच बसले.

"उघडून बघा की," रद्दीवाला म्हणाला.

"इथे नाही."

हीच काकांची चूक. तिथल्या तिथे पहिलं पान उघडून एक ओळ वाचली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण काकांनी मनात सगळं ठरवून ठेवलेलं होतं. घरी जायचं, खुर्चीत बसायचं, चष्मा पुसायचा, आधी पहिल्या भागाची शेवटची ओळ वाचायची आणि मग सावकाश दुसरा भाग उघडायचा. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाने उभ्या उभ्या, रद्दीच्या धुळीत, ती ओळ वाचायची?

पण घरी न्यायचं कसं? पिशवी काकू तपासायच्या. सदऱ्याखालून पूर्वी एक पुस्तक नेलं होतं, तेव्हा 'पोट एका दिवसात कसं सुटलं' म्हणून डॉक्टरकडे जायची वेळ आली होती. काकांनी गोणीकडे पाहिलं. काकू सगळं तपासतील, खत तपासणार नाहीत. त्यांनी पुस्तक एका पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, गोणीची शिवण उसवली, पुस्तक पार आत खुपसलं आणि रद्दीवाल्याकडून सुतळी घेऊन तोंड पुन्हा शिवलं. काकू दुपारी आंघोळीला गेल्या की काढून घ्यायचं.

इमारतीत शिरले तर खाली सेक्रेटरी येरझाऱ्या घालत होते.

"काका, अगदी वेळेवर आलात! लिफ्ट बंद पडलीय. कंपनीचा माणूस परवा येतो म्हणतोय. माझी सासू तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलीय."

"बरी आहेत ना?"

"त्या बऱ्या आहेत. ओरडताहेत. मी बरा नाही."

नाही कसं म्हणायचं? काकांनी गोणी जिन्याखाली टेकवली आणि मशीनच्या खोलीकडे धावले. सासूबाई लवकर सुटल्या, पण लिफ्टचा मूळ आजार सापडेपर्यंत दुपार गेली. काका तेलाने माखून खाली आले, तेव्हा जिन्याखाली गोणी होती, पण ती रिकामी, झटकून नीट घडी घातलेली.

ते धापा टाकत घरी पोचले. काकू एका पाळण्याला झोका देत होत्या. त्याचा एक पाय लंगडत होता, म्हणून खाली ठोकळा सरकवलेला होता.

"गोणी?" काकांच्या तोंडून एवढंच निघालं.

"अहो, केवढं ते खत! मला एवढं कुठे लागतं? रखवालदाराला सांगून सगळं वाटून टाकलं. दातांच्या मॅडमना त्यांच्या पिंपासाठी हवं होतं. गोणी सरळ त्या पिंपात उलटी केली. मग त्यांनाही जास्त झालं, म्हणून त्यांनी वरचं सेक्रेटरींना दिलं. त्यांनी आणखी कोणाकोणाला दिलं."

"खतात... काही निघालं नाही ना? दगडबिगड?"

"दगड कशाला निघेल?" काकूंनी झोका थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही काय दगड आणायला गेला होतात?"

"छे, छे."

"मग जा, हात धुवा. दाराच्या मुठीला तेल लागलंय."

काका हात धुता धुता विचार करू लागले. पुस्तक कोणाच्या तरी मातीत होतं. वरून रोज पाणी पडणार. पिशवी पातळ. आणि कोणी ते काढून 'काकू, हे तुमच्या गोणीत निघालं' म्हणून दारात आणलं, तर दुसरा भाग जाईल आणि त्याच्याबरोबर सगळी फळीही जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते तळमजल्यावर दातांच्या दवाखान्यात गेले. बाहेर बसायच्या खोलीत पिंपात एक मोठं रबराचं झाड होतं. शेजारी गाल सुजलेला एक पेशंट तोंडात कापूस धरून बसला होता. मॅडम बाहेर आल्या.

"काका, दाढ का?"

"नाही, मी झाडासाठी आलोय." काकांनी एक पान उचललं, उलटं करून पाहिलं आणि तिसऱ्या भागातल्या भाषेत बोलले. "पानांचा तजेला हरपला आहे. मुळांचा श्वास कोंडलाय, मॅडम. आजच्या आज उपसून पाहावं लागेल."

"अगंबाई! म्हणजे रूट कॅनलच की!"

"तसंच समजा."

मॅडमना विषय लगेच पटला. जुनी वर्तमानपत्रं अंथरली गेली. काकांनी बाह्या सरसावल्या आणि कोपरापर्यंत हात मातीत घातला. झाड कलू लागलं, तेव्हा मॅडमनी गाल सुजलेल्या पेशंटला उठवलं. "जरा खोड धरा हो. भूल चढेपर्यंत रिकामेच आहात."

"म्म... अफं?" पेशंटने विचारलं.

"हो, आणखी घट्ट."

काकांनी पिंपाचा तळ गाठला. विटेचा तुकडा निघाला, बाटलीचं झाकण निघालं, एक कवळीही निघाली. ती पाहून मॅडम म्हणाल्या, "तरीच आमच्या एका आजोबांची सापडत नव्हती!" पुस्तक मात्र नव्हतं. म्हणजे ते वरच्या खतातून सेक्रेटरींकडे गेलं. काकांनी झाड पुन्हा लावलं, माती सैल केली आणि पाय ओढत घरी आले.

"मॅडमच्या झाडाला हात लावलात म्हणे," काकू म्हणाल्या.

"थोडासा."

"बिचारं," काकू म्हणाल्या, पण त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलेलं होतं.

आता पुढचं ठरलेलंच होतं, झाड मरणार. पण ते मेलं नाही. पिंपातली माती दगडासारखी घट्ट झालेली होती आणि ती कोणीतरी मोकळी करायलाच हवी होती. थोड्याच दिवसांत झाडाला लालसर कोंब फुटला. मॅडमनी तो प्रत्येक पेशंटला दाखवला, आणि उघड्या तोंडाने ऐकून घेण्यापलीकडे पेशंट करणार काय? बातमी पसरली.

काका सेक्रेटरींकडे जायचं निमित्त शोधत होते, तर सेक्रेटरीच दारात आले. हातात जास्वंदीची कुंडी.

"काका, हिला फूल धरत नाही. कळी येते आणि गळते. सासू म्हणते, माझ्यासारखीच आहे. सुरुवात जोरात, पुढे काही नाही."

"उपसावी लागेल," काका लगेच म्हणाले. "आणि तुमच्याकडे बाकीच्या किती आहेत? सगळ्या आणा. साथ असू शकते."

सगळ्या आल्या. त्यांत पुस्तक नव्हतं. पण 'साथ' हा शब्द जिन्यावरून लिफ्टच्या आधी वर पोचला. दुसऱ्या दिवशी काकांच्या दारापुढे रांग लागली. कोणी तुकतुकीत निरोगी झाड घेऊन आलं होतं, नुसतं खात्री करून घ्यायला. एकीने प्लॅस्टिकचं झाड आणलं, "याच्यावर धूळ फार बसते हो." काका मिळेल त्या कुंडीत हात घालायचे, तळ चाचपायचे, निराश होऊन सुस्कारा टाकायचे. लोकांना तो सुस्कारा फार आवडला. त्यांना वाटायचं, झाडाच्या दुःखाने या माणसाचा जीव कळवळतो.

"किती तन्मयतेने बघतात!" रांगेतली एकजण म्हणाली.

"तन्मय तर होतात," काकू पाळण्यापाशी बसून म्हणाल्या. "खाली काहीतरी पुरलेलं असावं, असे शोधतात."

काकांच्या हातातून कुंडी सुटता सुटता राहिली.

घरभर माती झाली. सून मुलींना खांद्यावर घेऊन मातीच्या ढिगांतून वाट काढू लागली. "बाबा, आपण दार बंद ठेवू या का?" तिने विचारलं.

"अजून एक-दोन कुंड्या राहिल्यात," काका म्हणाले. त्यांचे डोळे खोल गेले होते. झोपेत ते 'भाग दुसरा, भाग दुसरा' असं पुटपुटत, आणि काकू त्यांच्या अंगावर पांघरूण घालून 'हो हो, मिळेल' म्हणत. सकाळी काकांना यातलं काही आठवत नसे.

इमारतीतल्या सगळ्या कुंड्या संपल्या. पुस्तक सापडलं नाही. ते मातीत विरघळलं, अशी काकांनी मनाची समजूत घातली. आता उरलं होतं ते एवढंच, की निदान काकूंना काही कळू नये आणि फळी वाचावी.

नेमक्या त्याच आठवड्यात सेक्रेटरींनी त्यांचा सत्कार ठरवला. गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या मांडल्या. दोन्ही मुलींना घेऊन काकू आणि सून पहिल्या रांगेत बसल्या. सेक्रेटरींनी भाषण केलं. काकांनी आधी लिफ्टला जीवदान दिलं, मग झाडांना दिलं, आणि सासूलाही दिलं, पण त्याबद्दल आपली तक्रार नाही, असं ते म्हणाले. सासूबाईंनी खुर्चीतून बघितलं, तसं भाषण आटोपलं. काकांच्या हातात फीत बांधलेली कोरफडीची कुंडी दिली गेली. दातांच्या मॅडम उठल्या.

"काका, आम्हा सगळ्यांसाठी एकच सांगा. रोप लावून झाल्यावर सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती?"

सगळे पुढे सरसावून बसले. जगात इतके प्रश्न असताना बाईंनी हाच विचारावा? काकांनी तोंड उघडलं.

"रोप लावून झाल्यावर... सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे..."

आणि पहिल्या भागासारखेच तिथे थांबले.

कोणीतरी खोकलं. एक मुलगी रडायच्या बेतात आली. मग पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला, शांत आणि खणखणीत.

"'ते वारंवार उकरून पाहू नये. त्यायोगे रोपाची मुळे दुखावतात, आणि पाहणाऱ्यास काहीही सापडत नाही.'"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'काय जोडपं आहे!' असं कोणीतरी म्हणालं. काका मात्र कोरफड छातीशी धरून पुतळ्यासारखे उभे होते. 'त्यायोगे' हा शब्द काकूंनी लग्न झाल्यापासून एकदाही उच्चारला नव्हता. ही भाषा काकूंची नव्हती. ही भाषा ते पहिल्या आणि तिसऱ्या भागात हजारदा वाचत आले होते.

ते सत्कार अर्धा टाकून लिफ्टकडे गेले. लिफ्ट वर होती. ते जिन्याने धावले. घरात शिरले, आणि त्यांची नजर पाळण्याच्या लंगड्या पायाकडे गेली. खाली लाकडी ठोकळा होता. त्यांचाच ठोकळा. इतके दिवस ते तो ओलांडून कुंड्या उचलत होते.

ठोकळा इथे, तर मग तिथे काय आहे?

त्यांनी वाळत घातलेले लंगोट बाजूला केले. फळीवर पहिला भाग होता. त्याला खेटून दुसरा होता. त्याला खेटून तिसरा. मातीचा एक कणही नाही, आणि दुसऱ्या भागात बाळाच्या टोपीचं नाडं खूण म्हणून घातलेलं.

मागून काकू आल्या.

"तुला कधीपासून..." काकांनी विचारलं.

"गोणीला हात लावला तेव्हापासून. मातीला कधी कोपरे असतात का हो?"

"म्हणजे गोणी वाटलीस ती..."

"पुस्तक काढून घेऊन मग वाटली. म्हटलं, बघू या, माणूस कबूल कधी करतो." काकूंनी पदराने डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं होतं. "मला वाटलं, मॅडमच्या पिंपानंतर तरी कराल. तुम्ही तर सगळी इमारत उपसलीत!"

काका खुर्चीत बसले. "मग आता... फळी जाणार?"

काकूंनी दुसरा भाग काढला, खुणेचं पान उघडलं, हलकेच फुंकर मारली.

"दुपारी पाळणा हलवताना वाचते मी हे. कलमाचं प्रकरण फार छान लिहिलंय. चित्रातल्या फांदीवर मुंगीसुद्धा काढलीय त्याने." मग जरा संकोचून, "अहो, याची काही पुरवणी वगैरे निघाली होती का?"

"ऐकून आहे, निघाली होती."

"मग उद्या रद्दीवाल्याकडे जाऊन या की. आणि हातात घेऊन या. गोणीत नको."

काकांनी चष्मा पुसला. पहिल्या भागाची शेवटची ओळ वाचली. मग दुसरा भाग उघडून पुढची ओळ वाचली. काकूंनी एका शब्दाचाही फरक केला नव्हता.

इमारतीतली सगळी झाडं त्या वर्षी जोमाने वाढली. रबराच्या झाडाचा शेंडा दवाखान्याच्या छताला टेकला, जास्वंदीला फुलं धरली, आणि सेक्रेटरींच्या सासूबाईंनी त्यांतलं एक जावयाला दिलं. सत्काराची कोरफड काकांनी स्वतःच्या हाताने मोठ्या कुंडीत लावली. माती पहिल्या भागाप्रमाणे, निगा दुसऱ्याप्रमाणे, औषध तिसऱ्याप्रमाणे. गॅलरीतला एक कोपरा काकूंनी त्यांना खास मोकळा करून दिला. मूळ धरलंय की नाही, हे त्यांनी उकरून पाहिलं ते फक्त एकदा. फार तर दोनदा.

कोरफड वारली. जुळ्यांतल्या मोठीला पहिला दात दिसला त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी.